पुढे चालायला माणूस

सोब्रेदोच्या गल्लीची रुंदी, झुल्मिराच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चॅपेलच्या पायरीपर्यंत, दोन मीटर अकरा सेंटिमीटर. मोजणी आर्मिंदोची, गवंड्याच्या टेपने केलेली.

*

पांढरा शर्ट. इस्त्रीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या मागच्या दारावरच्या आकड्याला टांगलेला. पॅरिसपासून तो डोलतो आहे. त्याला हात लावायचा नाही.

*

करकोच्यांची घरटी सतरा. तेओ पाच वर्षांचा आहे आणि सतरानंतर पुन्हा बारा येतात असं त्याचं ठाम मत आहे.

*

"नाही हो, आज नाही जमणार यायला, त्यांना सर्दी झालीय." हे वाक्य देओलिंदाने एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं. जूनमध्ये पुन्हा सांगितलं. सर्दी घरात कोणालाच नव्हती.

*

कॉड माशाचे वडे, बेचाळीस. डबा सीटखाली.

*

खेळ असा: रस्त्यावरची पाटी जो आधी मोठ्याने वाचेल, त्याला आजोबांकडून लिंबाची गोळी. खेळ आजोबांनीच काढला, गेल्या ऑगस्टमध्ये.

पाटी: वायादोलिद ९४

ही क्लेमांसने वाचली. क्लेमांस नऊ वर्षांची. मधल्या रांगेत मधोमध बसून, आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन वाचायची तिची पद्धत. आर्मिंदोने मागे न बघता गोळी पोहोचवली.

देओलिंदा त्याच्या बरोबर मागे बसली होती. लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्यांतले अठ्ठेचाळीस ऑगस्ट तिने, सुट्टीत पॅरिसहून पोर्तुगालमधल्या सोब्रेदो गावी जाताना, या मानेकडे बघत काढले होते. मान ताठ असली की सगळं ठीक. मान पुढे कलली की त्याला दिसत नाहीये. बुर्गोस सोडल्यापासून मान पुढे कललेली होती.

फ्रान्स जावयाने रातोरात ओलांडून दिला होता. यान फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातला, मुलखाचा शांत माणूस. दर जुलैमध्ये तो एकदा सुचवून बघायचा की वाटेत कुठेतरी एक रात्र हॉटेलात झोपू या, आणि दर जुलैमध्ये सासरची सगळी मंडळी पोट धरून हसायची. हल्ली तोही हसायचा. आत्ता तो पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपला होता.

घरचा नियम जुना होता. फ्रान्स कोणीही चालवावा, स्पेन आर्मिंदोचा. आणि शेवटचा टप्पा, सरहद्दीपासून सोब्रेदोपर्यंत, तो तर कोणी मागूसुद्धा नये. मागायचा खरा हक्क इल्दाचा होता. आर्मिंदोची ही मुलगी पॅरिसजवळच्या शांपिन्यीत सोळा वर्षं बस चालवत होती, बारा मीटरची, ऐन गर्दीत नव्वद माणसं पोटात घेऊन. पण बापाच्या गाडीत तिची बढती वडे वाटण्यापलीकडे कधी झाली नाही.

इल्दा पलीकडच्या खिडकीला टेकून पेंगत होती. तिचे डोळे उघडले तेव्हा समोरून एक पाटी येत होती. निळी, रस्त्यावर आडवी, घराएवढी मोठी.

"क्लेमांस, काय लिहिलंय?" आर्मिंदोने विचारलं.

"आजोबा, तुम्हाला नाही दिसत?"

"मला दिसतं. तुला वाचता येतं का ते बघतोय."

क्लेमांसने जरा रागाने सांगितलं की तिला चार वर्षांपासून वाचता येतं, आणि पाटीही वाचून दाखवली.

इल्दाने आईकडे बघितलं. देओलिंदा बाहेरची सूर्यफुलं बघत होती. सूर्यफुलांत बघण्यासारखं काही नव्हतं. ती वाळून खाली मान घालून उभी होती.

मग इल्दाने कोणालाही काही न विचारता प्रत्येक पाटी स्वतः वाचायला घेतली. बसमध्ये पुढचा थांबा सांगतात त्या आवाजात. डावीकडून ट्रक. वेग कमी. पुढे दोन किलोमीटरवर विश्रांतीची जागा, आणि मला लागलीय, बाबा, तिथे थांबवा. क्लेमांसने तक्रार केली की आई मोठी आहे, तिला खेळात घेता येणार नाही. आर्मिंदोने नुसती एक गोळी मागे केली, इल्दासाठी, आणि ती तिने घेतली नाही.

बाजू, दुपारी साडेबारा

पाइनच्या झाडांखाली सिमेंटचं टेबल. आजूबाजूच्या सगळ्या टेबलांवर अशीच मंडळी, फ्रान्सच्या नाहीतर स्वित्झर्लंडच्या नंबराच्या गाड्या, अशाच डब्यांतून असेच वडे. इल्दाने आईला टोमॅटो धुवायच्या निमित्ताने नळापाशी नेलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

देओलिंदाने टोमॅटो धुतले. घरून धुऊनच आणलेले होते. म्हणाली, सकाळचं धुकं होतं. इल्दाने ऑगस्टच्या उन्हाकडे नुसतं बोट दाखवलं.

"मोतीबिंदू," देओलिंदा म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांचं काम आहे."

"मग?"

"मग तो म्हणाला, ऑगस्ट झाला की करू."

"कुठला ऑगस्ट? हा की गेला?"

देओलिंदाने टोमॅटो तिसऱ्यांदा धुतले.

टेबलाशी परत येईपर्यंत इल्दाने लक्झेंबर्गला भावाला फोन लावला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. नेल्सन परवा निघणार होता. त्याने तिथून साहेबी आवाजात निकाल दिला की बाबांच्या खिशातून किल्ली काढून घ्या, विषय संपला. हा तोच नेल्सन, ज्याने ईस्टरला स्वतःच्याच गॅरेजच्या बंद दारावर गाडी घातली होती.

"दार बंद आहे की उघडं, एवढं मला अजून दिसतं," आर्मिंदो वडा खाता खाता म्हणाला.

नेल्सनने विचारलं, लाइन नीट येत नाहीये का.

मग यान बोलला. तो नुकताच उठला होता, केस एका बाजूला चिकटलेले. त्याच्या मते सकाळी गाडी उत्तम चालली होती.

"तू झोपला होतास," इल्दा म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो. झोप लागली."

आर्मिंदोने डब्यातला सगळ्यांत मोठा वडा शोधून जावयाच्या हातावर ठेवला. शोधला बोटांनी चाचपून. ते इल्दानेही बघितलं आणि देओलिंदानेही. तर अशा बाजू झाल्या. सासरा आणि जावई एकीकडे, बारा वर्षांत पहिल्यांदा. मुलगी आणि लक्झेंबर्ग दुसरीकडे. क्लेमांस आजोबांकडे, कारण गोळ्या. तेओ घरटी मोजत होता. देओलिंदा कुठे होती ते तिलाच विचारायला हवं होतं, आणि कोणी विचारत नव्हतं.

आर्मिंदोने छातीच्या खिशावर, किल्लीवर, तळहात ठेवला. अठ्ठेचाळीस वेळा गेलोय मी इथून, म्हणाला. हा रस्ता मला ओळखतो.

"रस्ता ओळखत असेल, बाबा. ट्रक ओळखत नाहीत. मागे माझी दोन मुलं बसलीत."

यानने वडा खाली ठेवला.

देओलिंदाने तीस वर्षं पॅरिसमध्ये एका इमारतीची राखण केली होती. बत्तीस बिऱ्हाडं, एक जिना, रोजचं भांडण. ती डबा झाकता झाकता म्हणाली की आता सगळ्यांची पोटं भरलीत, आर्मिंदोला जेवल्यावर झोप येते, तेव्हा गाडी धुवायच्या पंपापर्यंत यान चालवेल. पुढचं तिथे बघू. आर्मिंदोने विचार करून किल्ली दिली. सालामांकापर्यंतचा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे, तो जावयालाही जमेल, असं म्हणाला.

पुढचं म्हणजे अडतीस किलोमीटर. घाटाची वळणं, आणि शेवटी गावातला कॅफे आणि कॅफेसमोरचा बुटका कठडा. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला सगळं सोब्रेदो त्या कठड्यावर बसतं. कोणाची गाडी आली, कितवी आली, धुतलेली आहे का, चाकामागे कोण आहे. पेड्रो दा फोंतेला तीन वर्षांपूर्वी मुलाने बाजूच्या सीटवर बसवून आणला. कठड्यावरचे लोक तेव्हापासून त्याला बरं आहे का विचारतात, हळू आवाजात, आजारी माणसाला विचारतात तसं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. आर्मिंदो गाडीत झोपला नाही. तो शर्टाकडे बघत राहिला, निदान शर्ट होता त्या दिशेला.

पाटी: पाणी जपून वापरा

सरहद्दीच्या अलीकडचा शेवटचा पंप. इथे गाडी धुतल्याशिवाय पुढे जायचं नसतं. कोणी सांगितलेलं नाही, लिहिलेलं नाही, पण पंधराशे किलोमीटरचे किडे काचेवर घेऊन आईच्या दारात कोण जाईल? पाण्याच्या फवाऱ्यांपाशी आठ-दहा गाड्यांची रांग होती. त्यांतल्या चार राखाडी, आर्मिंदोची धरून, चारही एकाच बनावटीच्या, सात सीटच्या. त्या वर्षी सगळ्यांनी तीच घेतली होती.

यानने किल्ली सासऱ्याला परत दिली आणि फवारा मारला. पुसायचं काम मात्र आर्मिंदोचं. त्याच्याकडे पिवळ्या मऊ कातड्याचा एक तुकडा होता, इल्दाच्या लग्नाहून जुना, आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसे. यान मुलांना लघवीला घेऊन गेला. देओलिंदा पिशवीतून शर्ट काढत होती. इल्दा नेल्सनला फोनवर सांगत होती की इथून पुढे ती चालवणार, मग बाबा तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत तरी चालेल.

देओलिंदाने मान वर केली तेव्हा आर्मिंदो गाडी पुसत होता. मनापासून, छतापासून सुरुवात करून, गोल गोल, मग आरसे, मग दिवे. वाकून, श्वास रोखून. गाडी शेजारच्याची होती.

शेजारचा म्हणजे साठीचा एक माणूस, ग्रेनोबलचा नंबर, तोंडात सिगारेट. तो आपल्या गाडीपासून दोन पावलांवर उभा राहून बघत होता. त्याची बायको काहीतरी बोलायला गेली, तर त्याने तिच्या दंडावर हात ठेवला. इल्दाने फोन कानावरून खाली घेतला. फोनमध्ये नेल्सन बोलतच राहिला.

आर्मिंदो मागच्या बाजूला आला, पाटी पुसू लागला. नंबराची पाटी. नाक तिच्यापासून वितीवर होतं.

"आजोबा," तेओ तिथून ओरडला, पँट वर घेता घेता, "आपली गाडी ती आहे."

आर्मिंदोचा हात थांबला. मग त्याने पाटीचा शेवटचा कोपरा पुसून पुरा केला, उभा राहिला, कातडं पिळलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "यांची फारच मळली होती."

ग्रेनोबलवाल्याने सिगारेट विझवली. "मी आता तुम्हाला विचारणारच होतो," तो म्हणाला. "माझी कंबर गेलीय, वाकता येत नाही. पण मागचं चाक राहिलं हं, भाऊ."

आर्मिंदोने चाक पुसलं. तोवर तो माणूस, ज्याला वाकता येत नव्हतं, आपलं फडकं घेऊन आर्मिंदोच्या गाडीपाशी वाकला आणि दिवे पुसू लागला. दोघांनी एकमेकांच्या गाड्या पुसून दिल्या. गाव कुठलं, किती वर्षं, मुलं किती, एवढं बोलणं झालं. कोणी हसलं नाही. इल्दाने फोन बंद केला.

पंपामागच्या खोलीत आरसा आणि नळ होता. देओलिंदाने दार लावून घेतलं. आर्मिंदोने मळका शर्ट उतरवला आणि स्वच्छ शर्टाची बटणं लावू लागला. एक बटण चुकलं, तर तिने त्याचे हात बाजूला केले आणि खालपासून लावत आली.

"मुलांनी बघितलं?" त्याने विचारलं.

"तेओने बघितलं. त्याला वाटतंय तू दयाळू आहेस."

"आणि इल्दाने?"

"इल्दाला माहीत आहे तू दयाळू नाहीस."

तो थोडा हसला. मग म्हणाला, "कठड्यावर सगळे असतील, देओलिंदा. मी बाजूच्या सीटवर बसून नाही जाणार. त्यापेक्षा इथेच उतरव मला. पंपावर राहतो महिनाभर, लोकांच्या गाड्या पुसतो."

दोन वर्षं तिने डॉक्टरांना सर्दी सांगितली होती, पत्रं वाचून दाखवली होती, मासे विकत घेताना त्यांचे डोळे ताजे आहेत की नाहीत ते कोपराने ढोसून सांगितलं होतं. तिला वाटलं होतं ती त्याला सांभाळते आहे. सकाळी मागे दोन नातवंडं होती आणि ती सूर्यफुलं बघत होती. आज दुसऱ्याच्या नंबराच्या पाटीशी त्याचं नाक बघितल्यावर तिला स्वतःची लाज वाटली, त्याची नाही.

कॉलरचं बटण लावताना ती म्हणाली, "गेल्या वर्षी आरसा झुल्मिराच्या भिंतीला का घासला?"

"भिंत पुढे आलीय."

"गल्लीत गाडी घालताना पुढे चालायला माणूस लागतो. तुझा बाप बैलगाडीपुढे चालायचा. गेल्या वर्षी तू कोणाला चालू दिलं नाहीस, म्हणून आरसा गेला."

"मग?"

"मग आज गाडी इल्दा चालवेल. तिला ती गल्ली काही जमणार नाही. पुढे चालून वाट दाखवणारा कोणीतरी लागेलच, आणि ती गल्ली इंच न् इंच ठाऊक असलेला माणूस एकच आहे."

आर्मिंदो आरशात बघत राहिला. आरशात त्याला एक पांढरा डाग दिसत असावा, शर्टाएवढा.

"तिला जमणार नाहीच," तो म्हणाला.

बाजू, दुपारी पाच

इल्दाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मी बस चालवते."

"माहीत आहे."

"बारा मीटरची. मागे घेते. पावसात. आणि मी सगळ्या गावासमोर असं दाखवू की मला एक गाडी गल्लीत घालता येत नाही? कठड्यावर माझ्या बरोबरीच्या बायका बसल्या असतील."

"म्हणून तर तुला सांगतेय. यानला खरंच जमणार नाही, आणि मग आरसा जाईल."

यान तिथेच होता. त्याने मान डोलवली, ते बरोबर आहे अशा अर्थाने.

इल्दाने एक अट घातली. सप्टेंबरचा पहिला आठवडा, डॉक्टर, दोन्ही डोळे, आणि फोन आईने करायचा नाही. इल्दा स्वतः बापाला बसमध्ये घालून नेणार. आर्मिंदो दूर उभा होता, पण ऐकू त्याला उत्तम येत होतं. सप्टेंबरमध्ये द्राक्षं उतरवायची असतात, असं तो हवेत म्हणाला. मग खिशातून किल्ली काढून त्याने ती गाडीच्या छतावर ठेवली. स्वच्छ छतावर, आवाज होईल अशी.

घाटात तो बाजूच्या सीटवर बसला आणि एकही वळण त्याने तिला शांतपणे घेऊ दिलं नाही. इथे दाब. आता सोड. हे घाईत घेतलंस. गंमत अशी की वळणं त्याला सगळी कळत होती, शरीराने, पाटी यायच्या आधी. इल्दा दात ओठ खात चालवत होती. क्लेमांसने पाट्या वाचल्या, पण गोळी मागितली नाही. मग थोड्या वेळाने तिने पुढे हात केला आणि स्वतःजवळची एक गोळी आजोबांच्या तळहातावर ठेवली. मागचं वळण तुम्हाला पाटीच्या आधी कळलं, म्हणाली.

सोब्रेदो, पाटी नाही

पाटी वादळात पडली, परत लावलेली नाही. आमच्याकडे कोणाला ती लागत नाही.

चौकाच्या अलीकडे इल्दाने गाडी थांबवली. आर्मिंदो उतरला, शर्ट ओढून सारखा केला. देओलिंदा दुसऱ्या दाराने उतरली आणि त्याच्या कोपरात हात घातला. इल्दाने हॉर्न वाजवला, लांब, घरचा ठरलेला, तीनदा. गाडी त्यांच्या मागून चालीच्या वेगाने निघाली, चकचकीत, छतावर संध्याकाळचं ऊन.

कठडा भरलेला होता.

"काय रे आर्मिंदो," कोणीतरी ओरडलं, "पेट्रोल संपलं की काय?"

"मुलगी आहे गाडीवर," आर्मिंदो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पॅरिसला बस चालवते म्हणे. पण पॅरिसला काय, रस्ते हवे तेवढे रुंद. म्हटलं, पुढे चालावं, नाहीतर झुल्मिराचं स्वयंपाकघर घेऊन येईल बरोबर."

कठडा हसला. उघड्या काचेतून इल्दाने ते सगळं ऐकलं. तिच्या बरोबरीच्या दोघी होत्या, त्यांनी हात हलवला. तिनेही हलवला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, नवशिक्यासारखं.

देओलिंदा ओठ न हलवता नावं सांगत होती. डावीकडे झेका. त्याच्या शेजारी लुर्देस, काळ्या कपड्यांत, म्हणजे नवरा गेला, आपल्याला पत्र आलं होतं. आर्मिंदो टोपी काढत होता, नावाने हाक मारत होता, लुर्देसपाशी थांबून त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. पुढच्याचं नाव देओलिंदा सांगणार, तर तो पुटपुटला, गप्प, हा खोकला पेड्रोचा. आणि पेड्रोला त्याने मोठ्याने विचारलं की अजून सिगारेट सुटली नाही का, जसं धडधाकट माणसाला विचारतात. पेड्रोने खूश होऊन शिवी दिली.

गल्लीच्या तोंडाशी त्याने देओलिंदाचा हात सोडवला. एक तळहात झुल्मिराच्या भिंतीवर ठेवला, दुसरा हात उंच केला आणि मागे मागे चालू लागला, गाडीकडे तोंड करून. डावीकडे. अजून. थांब. सरळ ये. भिंतीवरच्या हाताने तो चालत होता, हवेतल्या हाताने गाडी चालवत होता, आणि आरसा भिंतीपासून दोन बोटांवरून सरकत गेला. चॅपेलच्या पायरीपाशी गाडी गचका खाऊन बंद पडली. कठड्यावरून हसण्याचा मोठा आवाज आला, आणि आर्मिंदोने हात कमरेवर ठेवून आभाळाकडे बघितलं, सगळ्या गावाच्या वतीने. तो गचका खरा होता की मुद्दाम, हे इल्दाने आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही.

घराच्या दारापाशी त्याने दोन्ही हात खाली घेतले. पोहोचलो, म्हणाला.

मार्च १९७० मध्ये, वीस वर्षांचा असताना, आर्मिंदो याच गल्लीतून फ्रान्सला गेला, पायी.